हुडकेश्वर रोडला समुद्र आला तो दिवस

भूगोलाच्या शिक्षिकेला लग्नात कुणी धड जेवू देत नाही. वरण-भातावर तूप पडेपर्यंत शेजारचा माणूस विचारतो, "मॅडम, यंदा पाऊस कसा आहे?" भूगोल आणि हवामान खातं यांत फरक आहे, हे मी तीस वर्षं पंगतीत समजावून सांगितलं. कुणाला पटलं नाही. शेवटी मी "यंदा बरा आहे" असं सांगून पापड मागून घ्यायला शिकले.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नागपूरच्या बेसा-हुडकेश्वर भागातल्या एका छोट्या शाळेत माझी बहुतेक नोकरी गेली. सुरुवातीला शाळेच्या मागे तुरीचं शेत होतं. मग तिथे लेआउट पडलं, मग प्लॉट, मग घरं, मग त्या घरांतली मुलं आमच्या वर्गात आली. म्हणजे लोकसंख्यावाढ मी खिडकीतून बघत बघत शिकवली. या धंद्यातलं खरं गुपित मात्र आज सांगून टाकते. भूगोलाची शिक्षिका जे शिकवते त्यातलं नव्व्याण्णव टक्के तिनं पाहिलेलं नसतं. टुंड्रा, सहारा, अॅमेझॉन, सगळं पाचवीपासून आठवीपर्यंत मी सफाईनं फिरवून आणलं, आणि स्वतः उमरेड-काटोलच्या पुढे क्वचितच गेले.

पेपर तपासण्याचीही एक रीत असते. दहा मार्कांचं उत्तर आलं की आम्ही ते वाचत नाही, त्यात मुद्दे शोधतो. पुस्तकातला मुद्दा दिसला की बरोबरची खूण, नाही दिसला की गोल. एका बैठकीत साठ पेपर असेच उरकतात. मला या वेगाचा अभिमान होता. तन्वी मयेकरच्या पेपरपर्यंत.

तन्वी आठवीत मध्येच दाखल झाली. वडिलांची बदली नागपूरला झाली होती आणि बिऱ्हाड मनीषनगरला होतं. मूळ गाव पार तिकडे, मालवणच्याही खाली, समुद्राला लागून. सहामाहीला प्रश्न होता: 'किनारपट्टीवरील एखाद्या ग्रामीण प्रदेशाची प्राकृतिक रचना, लोकसंख्या व उद्योग यांची माहिती लिहा.' तन्वीनं लिहिलं ते असं:

'आमच्या गावाची रुंदी सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी असते, कारण समुद्र येतो आणि जातो. गावाच्या एका बाजूला पाणी आहे व दुसऱ्या बाजूला चढ. सपाट जागा एकच आहे. तिच्यावर पावसात भात व उन्हाळ्यात क्रिकेट घेतात. लोकसंख्या गणपतीत दाट, शिमग्याला मध्यम व बाकी वर्ष विरळ असते. उद्योग: मासे पकडणे, मासे सुकवणे व भाव ठरवताना भांडणे. पावसाळ्यात होड्या बंद असल्यामुळे जाळी दुरुस्त करणे व भावकीशी कोर्टात जाणे. पर्यटन हा नवीन उद्योग असून त्यात बाहेरच्या माणसांना "पुढे खोल आहे" असे ओरडून सांगणे हे मुख्य काम आहे.'

मी दोन मार्क दिले. एक माशांचा, एक अक्षराचा.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई स्टाफरूममध्ये आली. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. आमच्याकडे शिक्षिकेला 'मॅडम' म्हणतात, त्या 'बाई' म्हणाल्या, आणि एवढ्यानंच मी निम्मी गार झाले.

"बाई, ह्यातला खोटा काय आहे तेवढा दाखवा. मग मी जाते."

मी उत्तर पुन्हा वाचलं. म्हणजे खरं तर पहिल्यांदाच वाचलं. खोटं काहीच सापडेना.

"खोटं नाही हो," मी म्हटलं. "पण मुद्दे नाहीत."

"मुद्दे म्हणजे?"

"पुस्तकात दिलेत ते."

"पुस्तकवाले आमच्या गावात आले होते?"

"तसं नाही..."

"बाई, तुम्ही समुद्र बघितलात?"

मराठीच्या मॅडमनी तोंडातला घास चावायचा थांबवला. एकदा तिकिटं काढली होती, तेव्हा सासूबाईंचा पाय मोडला. एकदा नणंदेचं लग्न निघालं. पण ही कारणं त्या बाईला काय सांगणार? "नाही," मी म्हटलं.

आमचे मुख्याध्यापक भोयर सर मनानं फार चांगले, आणि माझ्या मदतीला धावणं हा त्यांचा जुना दोष. ते दारातूनच म्हणाले, "वहिनी, त्यात काय एवढं? मॅडम तर अंटार्क्टिकासुद्धा शिकवतात. तो तरी कुठं पाह्यला त्यांनी?"

मयेकर वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागल्या. मग डबा उघडला. सुक्या जवळ्याची चटणी होती. भांडून झाल्यावर द्यायला आणली होती की भांडण फसलं तर म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. गुरुवार होता, भोयर सर त्या वासासरशी दारातूनच परत गेले. मी मात्र पोळीशी लावून दोनदा खाल्ली. जाताना त्या म्हणाल्या, "पोरगीला विचारा बाई. ती सगळा सांगता." आणि मी खरंच विचारायला लागले. आठवीच्या वर्गात तास दोन मिनिटं लवकर संपवून मी विद्यार्थिनीसारखी प्रश्न विचारायचे आणि तन्वी उत्तरं द्यायची.

त्याच सुमारास शाळेच्या तपासणीचं पत्र आलं.

आमची शाळा आठवीपर्यंतच होती. नववीसाठी मुलांना लांबच्या शाळेत जावं लागे. मुलगे जात. मुलींपैकी दरवर्षी चार-सहा जणी "पुढं पाहू" म्हणत घरीच राहत, आणि पुढं कुणी पाहत नसे. हाताखालून गेलेली पोर वर्षभरानं भाजीच्या ठेल्यापाशी भेटली आणि "घरीच आहे मॅडम" म्हणाली की भाजी न घेताच पाय घराकडे वळतात. म्हणून नववी-दहावीच्या मान्यतेचा प्रस्ताव आम्ही तिसऱ्यांदा पाठवला होता. समिती येणार, वर्ग बघणार आणि शिफारस करणार की नाही ते ठरवणार. भोयर सरांनी फर्मान काढलं, प्रत्येक विषयाचं एक प्रात्यक्षिक पाहिजे. गणितवाल्यांनी तराजू घेतला. विज्ञानवाल्यांनी ज्वालामुखी घेतला, ते दरवर्षी तोच घेतात.

मी म्हटलं, "मी समुद्र घेते."

बावणेभाऊ आमचे शिपाई. नोकरी माझ्याहून जास्त, आवाज मुख्याध्यापकांहून मोठा. मैदानात खड्डा खणायचा आहे म्हटल्यावर ते कुदळ टेकवून उभे राहिले.

"मॅडम, इतक्या वर्षांत मले कोनी समुद्र खोदाले नाही सांगतला. इथं बोअरले पाणी नाही लागून राहिलं, आन् समुद्र काहून?"

"नववीसाठी, भाऊ."

त्यांची नात सातवीत होती. त्यांनी कुदळ उचलली. फक्त म्हणाले, "कोन्या बाजूनं खोदू?"

इथं माझा विषयाचा अभिमान आडवा आला. अरबी समुद्र पश्चिमेलाच पाहिजे. मैदानाची पश्चिम बाजू म्हणजे भोयर सरांच्या ऑफिसची भिंत. तिथेच, ऑफिसच्या दारापासून सात-आठ पावलांवर, बावणेभाऊंनी जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढा समुद्र खणला आणि निळी ताडपत्री अंथरली. निघालेली सगळी माती पूर्वेला रचली, तो सह्याद्री झाला. पूर्वेला उंच आणि पश्चिमेला सखल. नकाशा अगदी अचूक. पाणी सखल बाजूला वाहतं, हे मी दरवर्षी पाचवीला शिकवत असे. त्या दिवशी ते मला सुचलं नाही.

बाकीचं तन्वीनं लावून दिलं. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची घरं, एक देऊळ, दोरीवर खरे सुके बोंबील. ते मयेकर वहिनींनी पार्सलनं मागवले होते. भरती म्हणजे टँकरचा पाइप, ओहोटी म्हणजे टिल्लू पंप, तो पाणी खेचून परत टाकीत सोडणार. एक शिट्टी भरती, दोन शिट्ट्या ओहोटी. लोकसंख्येसाठी आठवीचा वर्ग. गावात फक्त म्हातारेकोतारे नि बायाबापड्या, म्हणजे पांढऱ्या मिशा लावलेले चार मुलगे आणि लुगडी नेसलेल्या आठ मुली. उरलेला वर्ग फाटकापाशी उभा. फाटक म्हणजे मुंबई. ताशा वाजला की गणपती, सगळ्यांनी गावाकडे धावायचं.

तालीम उत्तम झाली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

समितीत तिघं होते. अध्यक्ष मॅडम गोंदियाकडच्या, पन्नाशीच्या आतबाहेर, कडक कॉटनची साडी आणि हातात बोर्डाला लावलेला फॉर्म. बाकी दोघे फॉर्मकडे बघून मान हलवणारे. त्यांना तराजू आवडला. ज्वालामुखी त्यांनी आधी तीन शाळांत पाहिला होता. मग ते आमच्या किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसले.

बोंबील उन्हात चांगले तापले होते. समितीतले एक सर रुमाल नाकाला लावून म्हणाले, "हे काय आहे?" तन्वी म्हणाली, "उद्योग." तेवढ्यात समोरच्या लेआउटमधलं पिवळं कुत्रं मुंबईतून शिरलं, थेट गावात आलं आणि दोरीचं एक टोक पकडून आख्खा उद्योग घेऊन परत मुंबईकडे पळालं. "मॅडम, स्थलांतर!" मागून कुणीतरी ओरडलं. मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग मासळीचा लिलाव झाला. तन्वीनं मुलींना भांडायला इतकं मनापासून शिकवलं होतं की अध्यक्ष मॅडम खुर्चीतून उठल्या आणि सोडवायला धावल्या. "पोरींनो, असं नाही करत बेटा!" त्यांच्या हातात कुणीतरी टोपलीच दिली. त्या टोपली धरून परत येऊन बसल्या.

मी एक शिट्टी वाजवली. भरती सुरू झाली. समुद्र सुंदर चढला. ताशा वाजला, मुंबई गावात घुसली, लोकसंख्या दाट झाली. समितीनं टाळ्या वाजवल्या. मी दोन शिट्ट्या वाजवल्या.

आणि लाइन गेली.

पंप बंद. समुद्र भरलेला. बावणेभाऊ टँकरचा व्हॉल्व्ह फिरवत होते, व्हॉल्व्ह नुसताच गोल फिरत होता. "टँकरवाल्याले बोलवा!" टँकरवाला पानठेल्यावर. फोन लावला तर तो म्हणाला, "येऊनच राहिलो मॅडम, रस्त्यातच आहो." पानठेला मला दिसत होता. तोही मला दिसत होता.

पाणी काठाला आलं. पूर्वेला गावापासून पुढे सह्याद्रीचा चढ होता. मग समुद्रानं जे भूगोलाच्या दृष्टीनं बरोबर तेच केलं. तो उलटा वळला आणि पश्चिमेकडे, अरबस्तानात, म्हणजे भोयर सरांच्या ऑफिसात शिरला.

"प्रस्ताव!" भोयर सर किंचाळले. मान्यतेच्या प्रस्तावाची फाइल, हजेरीचे रजिस्टर, दाखले, सगळे गठ्ठे समितीसाठी काढून ऑफिसात जमिनीवर मांडून ठेवले होते.

आम्ही मोठी माणसं नुसती एकमेकांकडे बघत उभी होतो. तेव्हा तन्वीचा आवाज आला. तो आवाज तेरा वर्षांच्या मुलीचा नव्हता, तिच्या गावातल्या कुठल्यातरी आजीचा असावा.

"उधाण आला! म्हाताऱ्या आधी वर घ्या! मग कागद! मुंबईवाल्यांनी रांग लावा!"

मुलं हलली. लुगड्यांतल्या चार मुलींनी आजूबाजूला पाहिलं, त्यांना सर्वांत जवळची म्हातारी अध्यक्ष मॅडम वाटल्या. त्यांनी मॅडमना खुर्चीसकट उचलून सह्याद्रीवर ठेवलं. बाकीच्यांनी ऑफिसपासून फाटकापर्यंत साखळी केली आणि गठ्ठे हातोहात मुंबईला पोचले. प्रस्तावाची फाइल सगळ्यांत वर होती, तिचा एक कोपरा तेवढा भिजला. पांढऱ्या मिशीवाला एक म्हातारा टेबलावर चढून पंखा वाचवत होता. पंखा छताला होता.

टँकर आपोआप रिकामा झाला तेव्हाच पाणी थांबलं.

मैदानात पायाच्या नडगीपर्यंत चिखल. अध्यक्ष मॅडम सह्याद्रीवर, मांडीवर टोपली, चपला बहुधा अरबस्तानात. मी मनात नववीला निरोप देऊन टाकला.

मॅडमनी तन्वीला जवळ बोलावलं. "बेटा, तुमच्या गावात असंच होते का गं खरंच?"

"पाणी येता मॅडम. पण ऑफिसात नाय. आमच्याकडे ऑफिस उंचावर बांधतात."

"रोज येते?"

"दिवसातून दोनदा. रोज पाऊणएक तास उशिरा."

मॅडमनी आवाज खाली आणला. "कोन सोडते?"

"चंद्र."

बावणेभाऊ ताडपत्री पिळत होते. ते म्हणाले, "चंद्र बरा म्हना. टायमावर तं येते."

मॅडमनी मांडीवरची टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी गोंदियाची. समुद्र फोटोतच पाह्यला." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही तर पाहिला असेल, मॅडम. इतकी वर्षं शिकवून राहिल्या."

भोयर सर त्यांच्या मागे उभे राहून मला जोरजोरात होकाराची मान हलवून दाखवत होते. एक 'हो' म्हटलं असतं तर झालं असतं. पण तन्वी समोर उभी होती, चिखलात, माझ्याकडे बघत. जिच्या खऱ्या उत्तराला मी दोन मार्क दिले होते तिच्यासमोर खोटं उत्तर कसं देणार?

"नाही पाहिला," मी म्हटलं. "पुस्तकातून शिकवते. ह्या वर्षी हिच्याकडून शिकतेय."

मॅडमनी फॉर्मवर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग मुलींनी चपला शोधून दिल्या, मॅडमनी तर्री-पोहे खाल्ले आणि त्या गेल्या. भोयर सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. दोन दिवस हा त्यांचा विक्रम होता.

दरम्यान मी तन्वीचा पेपर वर्गात काढला. मुलांसमोर ते उत्तर मोठ्यानं वाचलं आणि दोनाचे नऊ केले. मयेकर वहिनी दुसऱ्या दिवशी हजर. "एक खंय गेलो?" मी म्हटलं, "समुद्राचं नावच लिहिलं नाही तिनं." त्या म्हणाल्या, "आमच्यात समुद्राक नावान कोण हाक मारता?" तरी मी नवावर ठाम राहिले. शिक्षिकेनं थोडं तरी हातचं राखावं.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट मला टोचत राहिली, ती अजून टोचते. फार वर्षांपूर्वी 'आपल्या परिसरातील नदी' या प्रश्नात एका मुलीनं नाग नदीचा वास लिहिला होता, कोणत्या महिन्यात कसा येतो त्यासकट. मी 'विषयांतर' म्हणून लाल गोल दिला. वीटभट्टीवरच्या एका मुलानं मातीचे चार प्रकार हातानं कसे ओळखायचे ते लिहिलं होतं. पुस्तकात तीनच होते. त्यालाही गोल दिला. त्या दोघांची नावं मला आठवत नाहीत. गोल मात्र आठवतात.

अहवाल आला मार्चमध्ये. भोयर सरांनी तो स्टाफरूममध्ये उभं राहून वाचला. भूगोलाच्या रकान्यात होतं: 'शिक्षिकेस विषयाचा प्रत्यक्ष अनुभव नाही. तथापि त्या तसे स्पष्ट सांगतात. विद्यार्थी आपत्तीच्या वेळी शिक्षकांपेक्षा उपयुक्त आढळले. नववी व दहावीच्या मान्यतेची शिफारस करण्यात येते.' भोयर सर खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. बावणेभाऊंनी त्यांना पाणी दिलं, तर ते म्हणाले, "नको, पाणी नको."

खाली एक शेरा होता: 'शाळेतील समुद्रास निचऱ्याची व्यवस्था करावी.'

एप्रिलमध्ये मयेकरांची बदली झाली, रायपूरला. ज्या नववीसाठी तिनं गाव पाण्यातून बाहेर काढलं, त्या नववीत ती बसलीच नाही. दाखला न्यायला आली तेव्हा मी विचारलं, "रायपूरला समुद्र आहे का गं?" ती म्हणाली, "नाही मॅडम. पण शाळेत मैदान आहे." मी दाखल्यावर सही केली.

जूनच्या अखेरीस नववी सुरू झाली. त्या वर्षी आठवीतून एकही मुलगी घरी बसली नाही. बावणेभाऊंची नात त्याच्या पुढच्या वर्षी आली. पहिल्या बाकावर बसायची आणि तिचा आवाज आजोबांवर गेला होता.

आम्ही शेरा विसरून गेलो होतो. सरकारी कचेरी कधी विसरत नाही. पुढच्या हिवाळ्यात पत्र आलं: 'मागील तपासणीत नमूद केलेल्या समुद्राच्या निचऱ्याबाबत काय कार्यवाही केली, त्याचा अहवाल सात दिवसांत सादर करावा.' भोयर सरांनी ते माझ्याकडे सरकवलं. समुद्र माझा, उत्तर माझं.

मी खिडकीतून पाहिलं. बावणेभाऊंनी दिवाळीच्या सुट्टीत सह्याद्री ओढून समुद्रात लोटला होता, वरून शेणखत घातलं होतं, आणि तिथे हिरवीगार वांगी लागली होती. मी शाळेचं लेटरहेड घेतलं आणि लिहिलं:

'महोदया, शाळेतील समुद्र बुजविण्यात आला असून त्या जागी वांगी लावण्यात आली आहेत. सबब निचऱ्याचा प्रश्न उरत नाही. माहितीस्तव सविनय सादर.'

महिन्याभरानं उत्तर आलं, गोल शिक्का आणि जावक क्रमांकासह. एकच ओळ होती: 'वांग्यांबाबत या कार्यालयाची हरकत नाही.'